दहाच्या आत जांभळा

रविवार, १ नोव्हेंबर १९९८

एरेझने आज लॅबच्या दारावर सूचना लावली. शुला करील ती प्रत्येक ऑक्सिडेज चाचणी दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी पाहायची आणि रजिस्टरात दोन सह्या करायच्या. बाकीच्यांना एक सही पुरते.

मी त्याच्या खोलीत गेले. का, म्हणून विचारलं.

"गेल्या महिन्यात तुझे दोन 'अधिक' यंत्राने दिलेल्या नावांशी जुळले नाहीत," तो म्हणाला. "तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस, शुला. या वयात रंग नीट दिसत नाहीत."

"तुझा शर्ट हिरवा आहे," मी म्हटलं. "वाईट हिरवा."

तो हसला नाही. तो लॅबचा प्रमुख आहे, अडतीस वर्षांचा. यंत्र त्याने आणलं. यंत्रात कार्ड घालायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी ते जिवाणूचं नाव छापून देतं. पण कार्ड घालण्याआधी यंत्र एक प्रश्न विचारतं, ऑक्सिडेज अधिक की वजा? ते त्याला स्वतःला कळत नाही. ते माणसानेच बघून बटण दाबून सांगायचं. चुकीचं बटण दाबलं तरी यंत्र नाव छापतंच.

चाचणी दहा सेकंदांची आहे. गाळणकागदावर द्रावणाचा थेंब, त्यावर लाकडी काडीने जिवाणूंच्या कॉलनीचा कण घासायचा. दहाच्या आत जांभळा झाला तर अधिक. नाही झाला तर वजा. दहानंतर आलेला रंग धरायचा नाही, थांबून राहिलं तर सगळंच जांभळं होतं. परळच्या लॅबमध्ये १९६३ साली शिकले. तेव्हापासून मराठीत मोजते, इस्रायलला आले तरी.

माझी एकच सही पुरेल अशी कुठेतरी जागा हवी, म्हणून ही वही. लॅबमध्ये हे वाचणारं कुणी नाही. लॅबमधल्या तरुण इन्बालची आजी ठाण्याची, म्हणून इन्बालला बोललेलं मराठी कळतं. अक्षर येत नाही.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

मेनाशे भाऊजींना आमच्या हॉस्पिटलात आणलं. माझी मोठी बहीण लिआताई म्हणत होती, लोदच्या घरापासून इतक्या लांब कशाला? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांपुढे राहतील. साखरेच्या आजाराने डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. दुपारी सर्जन अव्नेरने ती काढली.

भाऊजींनी तीस वर्षं विमानतळावर सामान चढवलं. शुद्धीवर आले तसं विचारलं, "करंगळीचं वजन केलं का? पावती द्या म्हणावं."

लिआताई रडत होती, ती हसायला लागली. मग तिने तिथेच नवस बोलला. पाय राहिला तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, आख्ख्या बिल्डिंगला बोलवीन.

मी गॅलरीतल्या कुंडीतला सब्जा नेला होता. बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणत हुंगायचा, ही आपल्या मराठी ज्यूंची रीत. आमच्या किर्यात मलाखी गावात माझ्याइतका हिरवा सब्जा कुणाकडे नाही. उशाजवळच्या पेल्यात पाणी घालून काड्या ठेवल्या. वॉर्डाची नर्स सिम्हा म्हणाली, "शुला, इथे फुलदाणी चालत नाही."

"फुलं कुठं आहेत? पानं आहेत. प्रार्थनेची."

"लॅबवाल्यांना मी काय सांगणार," म्हणाली आणि गेली.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

शब्बाथच्या आधी वॉर्डात जाऊन आले. त्याच पेल्यात ताज्या काड्या खोचल्या. लिआताईने बराखा म्हटली, भाऊजींनी हुंगलं.

ड्रेसिंग सुकून चिकटतं, ओढ लागते, अशी त्यांची तक्रार. नर्स दिवसातून एकदाच बदलते. मी सिम्हाला सांगितलं. "उद्या," ती म्हणाली. या देशात सगळं उद्या.

लॅबमध्ये आज माझ्या अकरा चाचण्यांवर इन्बालने दुसरी सही केली. तिला लाज वाटत होती. मला नाही वाटली. तिला प्रत्येक वेळी वाकून बघायला लावलं.

रविवार, ८ नोव्हेंबर

भाऊजींना ताप, ३९.२. जखमेतून पाणी येतं. घोटा लाल. अव्नेरने जखमेतला नमुना खाली लॅबमध्ये पाठवला आणि नेहमीचं औषध शिरेतून सुरू केलं.

एरेझ म्हणाला, घरच्या माणसाचा नमुना तू हाताळायचा नाही. बरोबर आहे. मी हात लावला नाही. इन्बालने दोन प्लेटवर पेरला, एक रक्ताची, एक मॅकॉन्कीची. मॅकॉन्कीवर साखर आंबवणारे जिवाणू गुलाबी दिसतात, तेवढ्यावरून पोरं अर्धं नाव ठरवून मोकळी होतात.

सोमवार, ९ नोव्हेंबर

सकाळी मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलन्या. इन्बालने त्यांतलीच एक उचलली, कागदावर घासली. रंग नाही. वजा. कार्ड यंत्रात.

मी लांबून बघत होते. हात लावायचा नाही, पण तोंड बंद ठेवायचं असं कुणी म्हटलेलं नाही.

"गुलाबी कॉलनी का घेतलीस?" मी मराठीत विचारलं.

"एरेझ म्हणतो, वेळ वाचतो," ती हिब्रूत म्हणाली.

"गुलाबी कॉलनी आंबट असते. आंबटात ऑक्सिडेज बोलत नाही. ही परळची अक्कल आहे, फुकट घे."

"शुला, मोतेक, यंत्र आहे ना." मोतेक म्हणजे लाडके.

ती जेवायला गेली तेव्हा मी रक्ताची प्लेट उघडली. हो, उघडली. कॉलन्या राखाडी, भोवती रक्त विरघळून पडलेलं कडं. काडीने घासलं. चार म्हणेपर्यंत कडा निळसर, सहाला जांभळा. मी दहापर्यंत मोजलं, घाई केली नाही.

एरेझला कागद नेऊन दाखवला. तोवर अर्थातच सगळा काळा पडला होता. तो म्हणाला, "तुला मी एकच गोष्ट सांगितली होती."

"ही नेहमीची पोटातली जात नाही. त्या जाती ऑक्सिडेजला वजा असतात."

"तुझ्या भाऊजींचा पाय आहे, म्हणून तुला काहीतरी मोठं दिसतंय. तार वापरलीस का?"

साधी तार वापरली तर तारच कागद जांभळा करते. हे मी त्याला शिकवलं, तो शिकाऊ म्हणून आला होता तेव्हा.

"यंत्र उद्या सांगेल," तो म्हणाला.

मंगळवार, १० नोव्हेंबर

यंत्राने सांगितलं. पोटातल्या एका साध्या जिवाणूचं नाव, चौऱ्याऐंशी टक्के खात्री. चालू औषध लागू. एरेझने सही करून वर पाठवलं.

मी म्हटलं, चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे यंत्रालासुद्धा शंका आहे.

"तुझी खात्री किती टक्के?"

"मी टक्के देत नाही. मी अधिक देते किंवा वजा."

वॉर्डात गेले. लाली नडगीपर्यंत चढली आहे. अव्नेरने पेनाने पायावर रेघ ओढून ठेवली होती, लाली त्या रेघेच्या बोटभर वर गेलेली. तो म्हणाला, औषध लागू आहे तर हे चढतंय का कळत नाही. गुरुवारपर्यंत थांबलं नाही तर गुडघ्याखाली काढावा लागेल.

मी त्याला सांगितलं की खालून आलेलं नाव चुकीचं आहे. तो म्हणाला, "एरेझची सही आहे. तू एरेझशी भांड, मला कागद बदलून दे."

लिआताई दारात उभी होती. "काय गे, तुमचं आपसात भांडण आणि माझ्या नवऱ्याचा पाय?"

"भांडण पायासाठीच आहे, ताई."

"तुला कागद दिसतो, शुला. पाय दिसत नाही. लहानपणापासून अशीच तू."

तिथून बसने घरी. भात लावला, खाल्ला नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

साडेसातला, एरेझच्या आधी पोचले. इन्बाल आली तसं तिला सांगितलं, एक कागद मांड, चार खुणा कर. हात तुझे, माझे नाहीत. पहिल्या खुणेवर आधीच माहीत असलेला 'अधिक' जिवाणू, दुसऱ्यावर माहीत असलेला 'वजा', तिसऱ्यावर भाऊजींची रक्तावरची कॉलनी, चौथ्यावर त्यांचीच मॅकॉन्कीवरची. द्रावण आजचं, तुझ्या हातचं. काड्या लाकडी.

"एरेझ ओरडेल."

"माझ्यावर ओरडेल. तू कागद धर."

एरेझ आत आला तेव्हा सगळे बेंचभोवती उभे होते. त्याने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. "दाय, शुला. पुरे."

"दहा सेकंद दे. तू मोज. हिब्रूत मोज. रंग मी सांगणार नाही, तूच सांग."

तो मोजायला लागला, रागाने, भराभर. मी म्हटलं, सावकाश, सेकंद तुझ्या मालकीचे नाहीत. कुणीतरी हसलं.

पहिली खूण पाचला जांभळी. दुसरी कोरी. तिसरी सहाला जांभळी. चौथी दहापर्यंत कोरी.

एकच माणूस, एकच जखम, एकच जिवाणू. रक्तावर अधिक, मॅकॉन्कीवर वजा.

"पुन्हा," एरेझ म्हणाला. पुन्हा केलं, या खेपेला त्याने स्वतःच्या हाताने. तेच.

तो यंत्राजवळ गेला आणि वजाच्या जागी अधिक दाबलं. यंत्राने नाव बदललं, खात्री अठ्ठ्याण्णव. एरोमोनास. हा पाण्यात राहणारा जिवाणू आहे. चालू औषध त्याच्यावर कागदावर चालतं, अंगात चालत नाही.

एरेझने फोन उचलला आणि अव्नेरला स्वतः सांगितलं. "चूक आमच्याकडून" असं मात्र म्हणाला नाही. "नवी माहिती" म्हणाला.

दहा वाजता औषध बदललं. एक वाजता अव्नेरने आणखी दोन बोटं काढली, कुजलेला भाग साफ केला. गुडघ्याखालचा पाय ठेवला.

इन्बालने मला कॉफी आणून दिली. कप ठेवून लगेच गेली. तिला वाटलं असेल मी रागावले आहे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

ताप उतरला. ३७.६. लाली रेघेच्या खाली.

आता प्रश्न असा की पलंगावरून न उठलेल्या माणसाच्या पायात पाण्यातला जिवाणू आला कुठून? एरेझ म्हणाला, वॉर्डाचे नळ तपासा. मी म्हटलं, मी जाते. मला कुणी अडवलं नाही.

नळ, मोरी, शॉवरची जाळी, पोछ्याची बादली, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची बाटली, सगळ्यांचे नमुने घेतले. सिम्हा मागे मागे फिरत होती. "आमच्यावर आणू नकोस हं, शुला." मी म्हटलं, जे असेल ते आणीन. एकदा सापडू दे, लेखी देईन, भिंतीवर लावीन. वॉर्डाने उद्या-उद्या करायचं आणि माणसाची बोटं जायची, हे चालणार नाही.

बारा नमुने. कित्येक वर्षांत इतकी चांगली झोप लागली नसेल अशी आज लागेल.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

बाराच्या बारा साफ. एकातही काही उगवलं नाही. नळात नाही, बादलीतसुद्धा नाही. मला पटेना. दुपारी पुन्हा वर गेले.

भाऊजी उठून बसले होते. चेहऱ्यावर रंग आलेला. मी म्हटलं, नीट आठवा, पायाला पाणी कधी लागलं? कुणी पुसलं? सिम्हाने धुतलं?

"सिम्हा बिचारी हात पण लावत नाही. शनिवारी फार खेचत होतं गं, तेव्हा मीच ओतलं थोडं. पट्टी भिजली की सुटते."

"कुठलं पाणी?"

"नळ कुठं माझ्या हाताशी? हेच." त्यांनी उशाशी बोट दाखवलं. "तुझ्या सब्ज्याचं. बराखा म्हटलेलं पाणी, म्हटलं गुणच येईल."

पेला तिथेच होता. तळाशी काड्या मऊ झालेल्या, पाणी जरा गढूळ. दहा दिवस मी त्यात काड्या खोचत होते. पाणी एकदाही बदललं नाही. नळ बघितला, बादली बघितली, आणि काल याच पेल्याच्या बाजूला माझी नमुन्यांची पेटी ठेवली होती.

लिआताईला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिने पेला उचलला. मोरी चार पावलांवर. "ओतून टाकते. सापडलं नाही म्हण, झालं."

"ठेव तो."

"शुला, ऐक माझं. हे लोक आधीच म्हणतात, इंडियन लोक पाला घेऊन येतात, तेल घेऊन येतात. आता म्हणतील, पाल्याने माणसाचा पाय कुजवला. तुझी पेन्शन दोन वर्षांवर आली. कुणाला काय मिळणार आहे?"

"ठेव, ताई."

"परवा त्यांच्या चुकीवर नाचलीस. आता स्वतःच्या घरावर नाचणार?"

"हो."

भाऊजी म्हणाले, "अगं, ओतलं मी. मला कुणी विचारता का?"

मी पेल्यातलं पाणी निर्जंतुक बाटलीत घेतलं, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली. ठिकाण, पलंगाचा क्रमांक, वेळ. नमुना घेणाऱ्याच्या जागी माझं नाव. निघताना लिआताईने 'शब्बात शालोम'सुद्धा म्हटलं नाही.

सोमवार, १६ नोव्हेंबर

काल पेल्याच्या पाण्याच्या प्लेटवर राखाडी कॉलन्या, भोवती तेच कडं. काडीने घासलं. पाचला जांभळा. आज सकाळी कार्डाने तेच नाव दिलं, लागू पडणाऱ्या औषधांची यादी तीच.

इन्बाल शेजारी होती. दुसरी सही तिची. ती पेन हातात धरून हिब्रूत म्हणाली, "प्लेट पडू शकते. माझ्या हातून पडल्या आहेत कितीतरी."

"तुझ्या हातून पडली तर पुन्हा पेरीन. बाटलीत अजून आहे."

"तू फार कठीण बाई आहेस."

"सही कर."

तिने केली. मग रजिस्टर बंद करून म्हणाली, तिच्या आजीच्या दारातसुद्धा सब्जा होता, बाटलीत, महिनेन् महिने, आणि कुणाला कधी काही झालं नाही. हे ती मला का सांगत होती कळलं नाही.

एरेझकडे अहवाल नेला. त्याने वाचला, दार लावलं.

"पेला कोणी ठेवला, हे लिहायची गरज नाही," तो म्हणाला. "'रुग्णाच्या उशाशी' एवढं पुरे."

"पेला चालत आला नाही."

"मी तुझ्यासाठी बोलतोय, शुला."

तो खरंच माझ्यासाठी बोलत होता की स्वतःसाठी, याचा मी बसमध्ये विचार केला. त्याच्या बोलण्यात बुधवारपासून एक मऊपणा आहे. मला तो सूचनेपेक्षा जास्त टोचतो.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

लिआताई घरचा फोन उचलत नाही. वॉर्डातला भाऊजींनी उचलला. म्हणाले, "ती रागावलीय. मी नाही. सात बोटं पुरतात. वॉकर धरून उभा राहिलो आज, मिनिटभर."

"भाऊजी, माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे झालं आणि तुझ्यामुळे थांबलं. दोन्ही लिही. एकच लिहिलंस तर तोल जाईल. विमानात सुद्धा सामान दोन्हीकडे भरतात."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. ते लिहून ठेवते. पाच मिनिटं. मग गॅलरीतल्या कुंडीला पाणी घातलं. कुंडीचा काही दोष नाही.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या समितीचं पत्र आलं. एरेझने मला दीड वाजता बोलावलं. टाइप केलेलं, तीन वाक्यं. रुग्णाच्या नातेवाइकांनी नियम मोडून वॉर्डात वनस्पती आणली. तिच्या पाण्यातून जखमेला संसर्ग झाला. प्रयोगशाळेकडून निदानात विलंब झाला नाही. खाली माझ्या सहीची जागा, मान्य म्हणून.

"ही चांगली गोष्ट आहे," एरेझ म्हणाला. "तुझं नाव कुठे नाही. सूचना मी दारावरून काढतो. दोन वर्षं बेंच तुझा, एकट्या सहीने. मग निवृत्त हो."

"आणि सही नाही केली तर?"

"तर समिती पुन्हा बसेल. नियम तू मोडलास, कर्मचारी म्हणून. बेंच जाईल. प्लेटसाठी आगर ओतायला पाठवतील तुला मागच्या खोलीत."

मी पत्र दोनदा वाचलं. एकदा वाटलं, करावी. दोन वर्षं. लिआताईपण खूश होईल. पहिलं वाक्य तसं खोटं नाही, मी नातेवाईक आहेच. इतकं चांगलं बेतलेलं होतं की त्याचाच राग आला.

त्याचं पेन त्याच्या टेबलावरून उचललं. 'रुग्णाच्या नातेवाइकांनी' वर रेघ मारली, वर लिहिलं, 'शुलामिथ वाक्रुळकर, प्रयोगशाळा'. तिसऱ्या वाक्यावर रेघ मारली. त्या जागी लिहिलं, 'निदानात दोन दिवस गेले, कारण ऑक्सिडेजसाठी कॉलनी मॅकॉन्कीवरून घेतली गेली आणि रक्तावरची 'अधिक' मानली गेली नाही.' हिब्रूत माझं अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. खाली सही केली, तारीख घातली, पत्र त्याच्याकडे फिरवलं.

एरेझने पत्र उचलून वाचलं. "हे टाइप केलेलं पत्र आहे, शुला. असं खरडून समितीला देता येत नाही."

"मग पुन्हा टाइप करून घे."

"टायपिस्ट त्सिला तीनला घरी जाते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती. खुर्ची ओढली आणि बसले.